लाल शाईतला 'प'

माझ्या लग्नाची पत्रिका आमच्या सरांनी तपासून परत केली होती. दोंडाईच्याला मांडवात आले, अक्षता टाकल्या, वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी नीट बसून जेवले आणि निघताना खिशातून पत्रिका काढून माझ्या हातात ठेवली. मला वाटलं आहेराचं पाकीट आहे. पत्रिकेच्या तळाशी माझ्या भाच्याच्या नावाने 'माझ्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' असं छापलेलं होतं. त्याच्या शेजारी समासात लाल शाईने एक 'प' काढला होता. भाचा तेव्हा चार महिन्यांचा होता.

"हे तो बोलला?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, नाही सर. "मग?" एवढंच म्हणून त्यांनी छत्री उघडली आणि चालायला लागले. नवरदेवाला हा प्रकार समजावून सांगता सांगता माझा मेकअप उतरला.

'प' म्हणजे पदरचं. सर आम्हाला भूगोल आणि इंग्रजी शिकवायचे, आणि दोन्ही विषयांत त्यांचा कायदा एकच होता. पुस्तकात आहे ते लिहा, पदरचं घालू नका. एकदा तापी नदीवरच्या उत्तरात मी लिहिलं की ती पश्चिमेकडे वाहते आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रात टरबुजं लागतात. माझ्या मामाची तिथे वाडीच होती, मी दर सुट्टीत टरबुजं फोडून खात होते. सरांनी 'प' काढला आणि अर्धा मार्क कापला. मी वही घेऊन भांडायला गेले, सर हे खरं आहे म्हणून. ते म्हणाले, "खरं असेल. पुस्तकात नाही." त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी टेनिस खेळणं. चेंडू तेवढ्याच जोरात परत यायचा.

सगळ्यात मोठा 'प' मात्र सुपडूच्या नावावर आहे. सुपडू आमच्या वर्गातला, शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून सायकल मारत यायचा. आठवीत 'माझा आवडता प्राणी' या निबंधात त्याने आपल्या बैलावर दोन पानं लिहिली. बैल बोलायचा. वडील त्याला विकायला बाजारात नेत, तेव्हा तो गिऱ्हाइकापुढे मुद्दाम लंगडायचा, आपल्याला दम लागतो म्हणून सांगायचा आणि कोणी विकत घेतलं नाही की घरी पळत यायचा. बैलाचं सगळं बोलणं अहिराणीत होतं. सुपडूने ते मधल्या सुट्टीत आम्हाला वाचून दाखवलं तेव्हा आम्ही डबे बाजूला ठेवून हसलो होतो. सरांनी दोन्ही पानांवर मिळून एकच 'प' काढला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मार्क दिलेच नाहीत. शून्यसुद्धा नाही.

सरांचं दुसरं वेड म्हणजे सावली. बारा महिने काळी छत्री हातात असायचीच, शिवाय गावातली कुठली गल्ली किती वाजता कुठल्या बाजूने सावलीत असते हे त्यांना तोंडपाठ होतं. पाहुण्याला पत्ता सांगायचा तर स्टेशनपासून डाव्या अंगाने या, नऊनंतर येणार असाल तर उजव्या, असा सांगायचे. कोणी त्यांना हसलं तर मे महिन्यात हसून दाखवा म्हणायचे. त्यावर मात्र कोणी काही बोलत नसे, कारण आमच्याकडचा मे महिना सगळ्यांनीच पाहिलेला आहे.

मार्चपासून शाळा सकाळची व्हायची आणि शेवटचा तास सर पटांगणातल्या कडुनिंबाखाली घ्यायचे. सावली सरकायची तसा वर्ग सरकायचा. दर दहा मिनिटांनी सर हाताने खूण करत, आम्ही पन्नास जण बुडाखालच्या गोणपाटासकट एक हात पुढे सरकत असू. तास संपेपर्यंत वर्ग झाडाच्या पश्चिमेकडून उत्तरेला आलेला असायचा. एकदा तपासणीला आलेले साहेब या तासाला खुर्ची टाकून बसले. सरांनी त्यांनाही तीनदा उठवलं. चौथ्यांदा साहेब न सांगता स्वतःच खुर्ची उचलून सरकले, तेव्हा अख्ख्या वर्गाने सुस्कारा सोडला. शेरा लिहायला वही मागितली तर सर त्यांना म्हणाले, दिसलं तेवढंच लिहा साहेब.

या शेवटच्या तासाला नववीत सरांनी आम्हाला ते पुस्तक वाचून दाखवलं.

पुस्तक इंग्रजी होतं, जाडजूड, खाकी कव्हर घातलेलं. सरांना ते भुसावळला रद्दीत मिळालं होतं. आम्हाला हात लावायला बंदी. नावही सांगितलं नाही, कारण नाव सांगितलं की कोणीतरी गोष्टीचा शेवट आधीच वाचेल, असं त्यांचं म्हणणं होतं. दोंडाईच्यात इंग्रजी कादंबरीचा शेवट आधी वाचणारं कोण बसलं होतं हे आम्हाला कळत नव्हतं, पण सरांना कोण विचारणार? ते इंग्रजीत बघायचे आणि मराठीत बोलायचे, आणि रंगात आले की अहिराणीत. बोट ओलं करून पान उलटायचे. वाचताना तो माणूस वेगळाच असायचा. भूगोल शिकवताना त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलत नसे आणि इथे तो राजासारखा गुरगुरायचा.

गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ब्रॉम नावाचा एक राजा. त्याने आपल्या देशातली सगळी सावली गोळा करून किल्ल्यात कोंडून ठेवलेली. झाडं आहेत पण सावली नाही, घरं आहेत पण पडवीत ऊन, विहिरीत वाकून बघितलं तरी ऊन. ओडेला नावाची अकरा वर्षांची मुलगी आजारी भावासाठी एक सावली आणायला निघते. वाटेत तिला एक बोलणारं गाढव भेटतं. ते राजाच्या शिपायांना हमखास चुकीचा रस्ता सांगायचं, शिपाई समोर आले की लंगडायचं आणि त्यांची पाठ वळली की चौखूर उधळायचं. किल्ल्याच्या दाराशी एक म्हातारी अक्का चुलीवर वांगी भाजत बसलेली. दाराची किल्ली तिच्याकडे. ती येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायची, "आपला तोटानं एक खरं सांग, मंग जाय." जे खरं सांगितल्याने आपलंच नुकसान होईल, असं एक खरं. मोठे मोठे सरदार तिथून परत गेलेले. ओडेलाने काय सांगितलं ते सरांनी आम्हाला तीन दिवस सांगितलं नाही, आणि ते तीन दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत.

गाढव बोलायला लागलं त्या दिवशी सुपडू उभा राहिला. सर, पुस्तकातपण जनावर बोलतं, असं म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती आणि आनंदही होता. सरांनी पुस्तकातून मान वर केली नाही. "पुस्तकात आहे म्हणून बोलतं," म्हणाले, आणि वर्गाला सरकायची खूण केली.

त्यानंतर सुपडू आम्हाला वर्षभर ऐकवत होता की परदेशातल्या एवढ्या मोठ्या लेखकाला जे सुचलं तेच आपल्याला सुचलं होतं. आज त्याचं धुळ्यात कृषी केंद्र आहे, बियाणं घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला पावती मिळेपर्यंत तो गाढवाची गोष्ट ऐकवतो. मी जळगावात औषधाचं दुकान चालवते आणि माझ्या मुलीला मी तीच गोष्ट सांगून जेवू घातलं. आमच्या वर्गातल्या किती पोरांची पोरं ब्रॉम राजाला घाबरून झोपली असतील, त्याचा हिशोब नाही.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या वर्गाच्या ग्रुपवर सुपडूने एका सिनेमाची जाहिरात टाकली. इंग्रजी सिनेमा, हिंदीत डब केलेला, मुलांच्या जुन्या लाडक्या कादंबरीवरून काढलेला. जाहिरातीत एक मुलगी ओरडत होती, मैं ओडेला हूँ. ग्रुपवर एकदम झुंबड उडाली. सात-आठ वर्षं फक्त शुभ सकाळ पाठवणारी माणसं वाक्यं लिहू लागली. ठरलं की मे महिन्यात जळगावच्या मल्टिप्लेक्सला सगळ्यांनी जमायचं, आणि सरांना आणायचंच.

सर यायला तयार नव्हते. मी फोन केला तर म्हणाले मोतीबिंदू आहे. मोतीबिंदू काढून वर्ष झालं होतं. मग म्हणाले गुडघा. मग म्हणाले सिनेमावाले पदरचं घालतात, मी बघत नाही. हे त्यांना शोभणारं होतं, पण आवाज शोभणारा नव्हता. शेवटी मी सरळ दोंडाईच्याला जाऊन मुक्काम ठोकला. पत्नी गेल्यापासून ते एकटेच राहत, स्वयंपाक स्वतः करत. मी म्हटलं, सर, तुमच्याशिवाय बघण्यात काय मजा? ते बराच वेळ छत्रीची मूठ फडक्याने पुसत बसले. "एकदा केव्हातरी होणारच होतं," असं काहीसं पुटपुटले. मला वाटलं सिनेमाबद्दल बोलतायत.

सकाळच्या गाडीने निघालो. भुसावळकडे जाताना या वेळी डावीकडे ऊन असतं, उजवीकडे बस, असं सांगून त्यांनी मला जागा बदलायला लावली. एरवी अमळनेर येईपर्यंत त्यांनी मला दहा गोष्टी सुनावल्या असत्या. त्या दिवशी ती एकच.

आम्ही चौदा जण होतो, शिवाय पोरं. सर मधोमध, त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सुपडू. दिवे गेले आणि पडदा पांढरा झाला. पांढराच राहिला. बर्फ. डोंगर बर्फाचे, झाडं बर्फाची, ओडेलाच्या भुवयांवर बर्फ. मला आधी वाटलं दुसराच सिनेमा लागला. मग घुमणारा आवाज आला की ब्रॉम राजाने देशातलं सगळं ऊन किल्ल्यात कोंडून ठेवलं आहे आणि ओडेला आपल्या भावासाठी उन्हाचा एक कवडसा आणायला निघाली आहे.

ऊन! आमच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. मागच्या माणसाने शुक शुक केलं. गाढव येईल म्हणून वाट बघितली तर पांढरा कोल्हा आला, तोही मुका. मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत सगळे तावातावाने बोलत होते. एवढं चांगलं पुस्तक, त्याची पार वाट लावली. सगळंच बदललं म्हणून सुपडू तर लाल झाला होता.

"सर, यास्नी तं बठ्ठं बदली टाकं," तो म्हणाला. "गधडं कोठे गयं?"

सरांनी चहा मागवला. चहा गार झाला तरी हातात तसाच होता.

मध्यंतरानंतर अक्काही आली नाही. किल्ल्याचं दार एका अस्वलाने धडक मारून तोडलं. सिनेमा खरं म्हणजे वाईट नव्हता. पोरांनी टाळ्या वाजवल्या, किल्ल्यातून ऊन सुटतं तेव्हा मीही वाजवल्या. पण आम्ही चौदा जण कोणीतरी आपलं घर पाडल्यासारखे बाहेर आलो.

बाहेर लॉबीत सुपडूने मोबाइल काढला. त्याचं म्हणणं होतं की आपण गप्प बसायचं नाही. मूळ पुस्तक वाचलेला माणूस आपल्यासोबत आहे. सरांनी दोन मिनिटं बोलायचं, सिनेमावाल्यांनी कुठे कुठे पदरचं घातलं ते सांगायचं, तो व्हिडिओ सगळीकडे पाठवायचा. सर्वांना पटलं. सरांना भिंतीशी उभं केलं, एकीने त्यांची कॉलर नीट केली. सुपडूने मोबाइल धरला आणि म्हणाला, बोला सर.

मी सरांच्या हाताजवळ उभी होते. छत्रीच्या मुठीवरची बोटं मला दिसत होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. आमच्यापैकी कोणी ते पुस्तक शोधायला जाणार नव्हतं.

"सिनेमा पुस्तकाप्रमाणे आहे," सर म्हणाले. "जसाच्या तसा. पदरचं मी घातलं."

सुपडूचा हात खाली आला. मागे पुढच्या खेळाची तिकिटं तपासत होते. सर आमच्याकडे बघत नव्हते. सावली नव्हती, म्हणाले, गाढव नव्हतं, म्हातारी नव्हती. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे मार्क कापलेला माणूस चौदा विद्यार्थ्यांपुढे उभा राहून आपले मार्क कापत होता आणि मला ते बघवेना. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, सर, अक्काने तुम्हाला दार उघडलं असतं.

"अक्कासुद्धा पदरचीच," सर म्हणाले.

त्यावर सगळे इतके हसलो की तिकिटवाला वळून बघायला लागला. सरही हसले, थोडेसे. वातावरण निवळलं असं वाटत असतानाच सुपडूने मोबाइल खिशात ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मग सर, मन्हा बैलले 'प' का बरं दिधा व्हता?"

सरांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. सुपडूने त्यांच्या पाया पडून नमस्कार केला, दुकान उघडायचंय म्हणाला आणि पोरांना गाडीत बसवून धुळ्याला निघून गेला. जेवायलाही थांबला नाही.

परतीच्या गाडीत सरांनी मला सांगितलं. आमच्या आधीच्या वर्गाला त्यांनी ते पुस्तक जसं आहे तसं वाचून दाखवायला घेतलं होतं. एप्रिलचा महिना, कडुनिंबाखाली सुद्धा झळा. वाचलं की दुष्ट राजाने सगळं ऊन कोंडून ठेवलं. तर एका पोराने हात वर केला. "सर, मग तो राजा चांगला शे ना?" सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. राजा चांगला, तर मग ती मुलगी कशाला ऊन सोडवायला निघाली, तिलाच धरून बांधा, असं वर्गाचं मत पडलं. सरांनी पुस्तक मिटलं. भूगोलाचा मास्तर असून आपल्या हे लक्षात आलं नाही, याची त्यांना लाज वाटली. वर्षभर विचार करून त्यांनी गोष्ट उलटी केली.

मी विचारलं, मग नंतर सांगून का नाही टाकलं? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही ऐकत होता ना."

घरी पोचल्यावर त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं. तेच खाकी कव्हर, कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली. आत एक जुनं एसटीचं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं. सुपडूला दे, म्हणाले, गाडीतून दोनदा लावला, तो माझा फोन घेत नाही.

फोन मुद्दाम घेत नव्हता की बियाण्याच्या हंगामामुळे, ते सुपडूच जाणे. आठ दिवसांनी मी धुळ्याला गेले. दुकानात गर्दी होती, कापसाच्या बियाण्यासाठी लोक उभे होते. सुपडूने मला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला, पुस्तक गल्ल्याजवळ ठेवलं आणि कामाला लागला. गर्दी कमी झाल्यावर त्याने ते नुसतं चाळायला म्हणून उघडलं.

प्रत्येक पानाच्या समासात लाल शाईने 'प' होता. जिथे जिथे सरांनी काही बदललं होतं, घातलं होतं, तिथे तिथे. उन्हाची सावली केली तिथे 'प'. अक्का जिथे आणून बसवली तिथे दोन 'प'. काही पानांवर 'प' इतके होते की छापलेली अक्षरं कमी वाटत होती. त्या माणसाने आपलं एकही वाक्य तपासल्याशिवाय सोडलेलं नव्हतं.

सुपडूने तिकीट होतं ते पान उघडलं. तिथे पांढऱ्या कोल्ह्याचं चित्र होतं. कोल्ह्याशेजारी सरांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'गाढव घेतलं. बोलतं, लंगडतं. प. माझं नाही, सुपडूचं. आठवी ब, बैल.'

तो ते बराच वेळ वाचत होता. एका शेतकऱ्याने औषधाची बाटली पुढे केली तर त्याला हातानेच थांबा म्हणाला. मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, मला म्हणाला उकाडा फार आहे, आणि फोन लावला. स्पीकर सुरू केला, मला ऐकू यावं म्हणून.

"सर, सुपडू बोलस," तो म्हणाला. "मन्हा बैलना मार्क बाकी शेतस."

 

"दहापैकी नऊ," सर म्हणाले. "एक मार्क अक्षराचा कापलाय."